रॅमचा वेग : वेष्टनावरचा आकडा आणि प्रत्यक्षातील प्रतीक्षा

संगणक जोडून घ्यावयास निघालेल्या माणसाने प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डिस्क यांची निवड कशीबशी उरकली, की रॅमच्या प्रकरणी त्याच्यापुढे एक असा प्रश्न उभा राहतो, की ज्याचे ठाम उत्तर दुकानदारही सहसा देत नाही. समोर रॅमचे दोन संच मांडलेले असतात. दोन्ही डीडीआर५ जातीचे, दोन्हींची क्षमता सारखी, दोन्हींची बनावट नामांकित. परंतु एकाच्या वेष्टनावर ४८०० हा आकडा असतो, दुसऱ्याच्या वेष्टनावर ६००० आणि दोहोंच्या किमतींत खिशाला जाणवेल इतके अंतर. साध्या त्रैराशिकाने पाहता दुसरा संच पहिल्याच्या सव्वापट वेगवान ठरतो. प्रत्यक्षात मात्र एकच मोठा प्रोग्रॅम दोन्हींवर कंपाइल करून पाहावा, तर वेळेतील फरक बहुधा काही टक्क्यांपलीकडे जात नाही. पंचवीस टक्के वेगाचे दाम मोजावेत आणि दोन-चार टक्केच पदरात पडावेत, तर मधली तूट कोठे गेली?

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद आणि वस्त्रे यांचे कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांतील पंप, झडपा व भट्ट्या ज्यांच्या हुकमाने चालतात, त्या पीएलसी नावाच्या नियंत्रकांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अभियंत्याला एक अडचण नित्याची असते. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या एका विंडोजवर सुखाने नांदत नाहीत, आणि वीस वर्षांपूर्वी बसविलेला नियंत्रक विंडोज एक्सपीच्या काळातील सॉफ्टवेअरवाचून कोणाचे ऐकत नाही. म्हणून तो आपल्या एका संगणकाच्या पोटात तीन-चार आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बाळगतो. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्यावर घर बोईसरला ठेवून मुंबईतील सॉफ्टवेअरची नोकरी पत्करणाऱ्यांची, आणि घरी बसून तेच काम करणाऱ्यांची, गरजही याच जातीची आहे. रॅमवर खर्चावयाचा पैसा नेमका कोठे घालावा, हे कळण्यासाठी प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधील व्यवहार एकदा समजून घेतला पाहिजे.

कारकून, मेज आणि दप्तरखाना

प्रोसेसर म्हणजे मामलेदार कचेरीतील एक अत्यंत चपळ कारकून समजावा. हिशेब करण्यात, दोन कागद ताडून पाहण्यात किंवा शेरा मारण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. परंतु स्मरणाच्या बाबतीत तो अगदी कोरा असल्यामुळे प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी त्याला कागद समोर लागतो. जे चार-दोन कागद मेजावर आहेत ते तो क्षणात उचलतो. जे त्याच दालनातील कपाटात आहेत त्यांसाठी त्याला उठावे लागते. जे दप्तरखान्यात आहेत त्यांसाठी पट्टेवाल्याला चिठ्ठी देऊन पाठवावे लागते. आणि जे तालुक्याच्या ठिकाणी नाहीतच, ते जिल्ह्याच्या गावाहून मागवावे लागतात. पालघर स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तोपर्यंत जिल्ह्याची मुख्य कचेरी ठाण्याला होती, आणि तेथल्या एका कागदापायी पालघरच्या माणसाचा अख्खा दिवस खर्ची पडावा, यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. मेज आणि कपाट ही प्रोसेसरच्या अंगातच असलेली कॅश मेमरी होय. दप्तरखाना म्हणजे रॅम. आणि ठाण्याची कचेरी म्हणजे एसएसडी अथवा हार्ड डिस्क.

आता या अंतरांना आकडे लावू. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तो मनाला उमगत नाही, म्हणून एक नॅनोसेकंद हा आपला एक सेकंद धरू. या मापाने मेजावरचा कागद, म्हणजे पहिल्या पायरीच्या कॅशमधील विदा, साधारण एका सेकंदात हाती येतो. कपाटातला, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या कॅशमधला, दहा-पंधरा सेकंद घेतो. दप्तरखान्यातला कागद यावयास सत्तर ते नव्वद सेकंद लागतात. एसएसडीकडून एखादा तुकडा मागवावा तर प्रत्यक्षात पन्नास ते शंभर मायक्रोसेकंद, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ एक दिवस जातो. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून मागवावा तर जवळजवळ चार महिने कारकून हातावर हात ठेवून बसतो. पुढील सर्व विवेचनाचा पाया या पाच आकड्यांत आहे, म्हणून ते वाचकाने ध्यानात ठेवावेत.

छापील आकडा कशाचा वेग सांगतो

वेष्टनावरचा ४८०० किंवा ६००० हा आकडा मेगाहर्ट्झचा आहे असे सर्रास सांगितले जाते, परंतु ते बरोबर नाही. रॅमच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा देवघेव होते, एकदा ठोका चढताना आणि एकदा उतरताना. त्यामुळे ६००० आकड्याच्या रॅमचे घड्याळ प्रत्यक्षात ३००० मेगाहर्ट्झनेच चालते, आणि ६००० ही एका सेकंदात होणाऱ्या देवघेवींची दशलक्षांतील संख्या ठरते. प्रत्येक देवघेवीत एका वाहिनीवरून, म्हणजे एका चॅनेलवरून, आठ बाइट येतात. म्हणून ४८०० च्या रॅमची वहनक्षमता वाहिनीमागे सेकंदाला ३८.४ गीगाबाइट आणि ६००० च्या रॅमची ४८ गीगाबाइट भरते. येथवर सव्वापटीचा दावा अक्षरशः खरा आहे.

खोच पुढेच आहे. हा आकडा सांगतो तो पट्टेवाल्याने कागद उचलून दारातून बाहेर आणण्याचा वेग. कागद फडताळात शोधण्याचा वेग तो सांगत नाही. प्रोसेसर रॅमकडून एका वेळी मागतो ते ६४ बाइटांचे एक छोटे पुडके. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकवर वाहिनीचे दोन अर्धे भाग केलेले असून, त्यांपैकी एका भागावरून हे पुडके सोळा देवघेवींत बाहेर पडते. सोळा देवघेवींना ४८०० च्या गतीने ३.३ नॅनोसेकंद लागतात आणि ६००० च्या गतीने २.७. म्हणजे ज्या सव्वापटीसाठी आपण जादा दाम मोजतो, तिचा परिणाम ऐंशी सेकंदांच्या खेपेतील अखेरच्या तीन सेकंदांवर घडतो आणि त्यांतून सेकंदाचा दोनतृतीयांश भाग वाचतो. हरवलेल्या तुटीचा पहिला हप्ता येथे सापडला.

शोधण्याचा काळ आणि सीएलचा आकडा

शोधण्यास वेळ का लागतो, याचे उत्तर रॅमच्या घडणीत आहे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली योजलेल्या आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत एक बिट साठविण्यासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत्भार धरून ठेवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर एवढेच लागते. ही काटकसर इतकी यशस्वी ठरली, की आजही रॅम याच तत्त्वावर बनते; परंतु तिची किंमत अशी, की हा भार हळूहळू गळत राहतो आणि दर काही मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. असे अब्जावधी कोष ओळी आणि स्तंभ अशा चौकटीत मांडलेले असतात. कोणताही तुकडा वाचण्यापूर्वी त्याची संपूर्ण ओळ उघडावी लागते, त्या क्षीण भाराचे वाचनयोग्य संकेतात वर्धन करावे लागते, मग हवा तो स्तंभ निवडावा लागतो. आणि आधी दुसरी ओळ उघडी असेल तर ती बंद करण्याचा काळ वेगळाच.

यांपैकी स्तंभ निवडण्याची मागणी केल्यापासून पहिला तुकडा बाहेर येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात, ते सीएल या आकड्यात सांगितलेले असते. हा आकडा ठोक्यांचा असल्यामुळे तो एकटा वाचून उपयोगाचा नाही. ठोका किती लांबीचा, तेही पाहावे लागते. हिशेब सोपा आहे: सीएलला २००० ने गुणावे आणि छापील वेगाने भागावे, की उत्तर नॅनोसेकंदांत मिळते. ४८०० वेगाची सीएल ४० असलेली रॅम १६.७ नॅनोसेकंद घेते. ५६०० वेगाची सीएल ४६ असलेली रॅम १६.४, ६००० वेगाची सीएल ३६ असलेली १२, आणि त्याच वेगाची सीएल ३० असलेली १०. यांत लक्षणीय गोष्ट ही, की ४८०० वरून ५६०० वर जाऊनही दुसऱ्या उदाहरणात प्रतीक्षा जवळजवळ तेवढीच राहिली, आणि मागील पिढीतील डीडीआर४ ची ३२०० वेगाची सीएल १६ असलेली साधी रॅमही १० नॅनोसेकंदांतच उत्तर देत होती.

काळाच्या मोठ्या पटावर पाहिले तर हे अधिकच स्पष्ट होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकांत असलेली १०० मेगाहर्ट्झची रॅम वाहिनीमागे सेकंदाला ८०० मेगाबाइट वाहून नेई आणि सीएल २ च्या हिशेबाने २० नॅनोसेकंदांत उत्तर देई. आज ५६०० ची रॅम वाहून नेते ४४.८ गीगाबाइट, म्हणजे छप्पन्नपट. परंतु उत्तर देण्याचा काळ फार तर निम्म्यावर आला आहे. प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील ही वाढती दरी हेरून वुल्फ आणि मॅकी या दोन संशोधकांनी १९९५ सालीच तिला ‘मेमरीची भिंत’ असे म्हटले होते. पुढे प्रोसेसर बनविणाऱ्यांनी कॅशचे आकारमान वाढवीत नेले, त्यामागे ही भिंत टाळण्याचा हेतू मोठा आहे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम कोठे अडते

कंपायलरचे काम म्हणजे हजारो लहान फायली उघडणे, त्यांतील शब्द ओळखणे आणि कोष्टकांत नोंदी करून त्या पुन्हा पुन्हा पाहणे. यांतला बराचसा व्यवहार मेज आणि कपाट यांच्यावरच उरकतो. दर शंभर मागण्यांतील थोड्याच मागण्या दप्तरखान्यापर्यंत पोचतात. ज्या पोचतात त्यांच्या खेपेतही, अगदी ४८०० ची सीएल ४० टाकून ६००० ची सीएल ३० घेतली, तरी ऐंशी-नव्वद सेकंदांतील सातएक सेकंद वाचतात. थोड्या मागण्या आणि प्रत्येकीत आठ-नऊ टक्क्यांची बचत, यांचा गुणाकार केला म्हणजे काही टक्क्यांचे ते निराशाजनक उत्तर का येते, हे आपोआप उलगडते.

तथापि वहनक्षमतेला काहीच किंमत नाही, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. सोळा गाभ्यांचा, म्हणजे कोअरचा, प्रोसेसर घेऊन एकाच वेळी बत्तीस फायली कंपाइल करावयास लावल्या, तर सर्व कारकुनांच्या चिठ्ठ्या त्याच दाराशी येऊन थडकतात. ५६०० वेगाच्या दोन वाहिन्या मिळून सेकंदाला ८९.६ गीगाबाइट देत असल्या, तरी सोळांत वाटणी होऊन प्रत्येकाच्या वाट्याला ५.६ गीगाबाइटच येतात, आणि दाराशी रांग लागली की प्रत्येकाची प्रतीक्षा लांबते. गाभे सहा किंवा आठ असतील तर ही रांग क्वचितच जाणवते.

काही कामे अशीही आहेत, की ज्यांत पुडक्यांमागून पुडकी अखंड वाहावी लागतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला पडद्यावरील चित्रही रॅममधूनच वाचावे लागते. घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाषाप्रतिमान चालवणाऱ्याला तर प्रत्येक शब्दांशासाठी साऱ्या प्रतिमानाचे वाचन करावे लागते. पाच गीगाबाइटांचे प्रतिमान आणि ८९.६ गीगाबाइटांची क्षमता असेल, तर सेकंदाला अठराहून अधिक शब्दांश बाहेर पडणे गणितानेच अशक्य आहे. अशा कामांत छापील आकड्याचा पैसा जवळजवळ पुरता वसूल होतो.

एका छपराखाली चार कचेऱ्या

आभासी संगणकाची कल्पना नवी नाही. आयबीएमने ती १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर सिद्ध केली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ग्राहकांपुढे मांडली. मेजावर ठेवावयाच्या संगणकांच्या प्रोसेसरांत तिच्यासाठी खास यंत्रणा इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये घातली, आणि २००७ मध्ये केव्हीएमच्या रूपाने ती लिनक्सच्या कर्नलमध्ये समाविष्ट झाली. या सर्व खटाटोपाचे सार असे, की एकाच छपराखाली चार कचेऱ्या भरवावयाच्या आणि प्रत्येकीचा असा समज करून द्यावयाचा, की सारा दप्तरखाना तिच्या एकटीच्या मालकीचा आहे.

येथे पत्त्याचा प्रश्न उपस्थित होतो. सर्व्हे नंबर एक माहीमला असतो, सातपाटीला असतो आणि बोईसरलाही असतो. तलाठ्याला आपल्या गावापुरता नुसता नंबर पुरतो, परंतु तालुक्याच्या दप्तरखान्यात गाव आणि नंबर यांची सांगड घालून देणारी सूची लागते. प्रत्येक आभासी संगणक आपल्या मेमरीचे पत्ते असेच शून्यापासून मोजतो, आणि त्याच्या पत्त्यावरून खऱ्या रॅममधील जागा शोधून काढण्याचे काम प्रोसेसरला दोन सूच्या पाहून करावे लागते: एक आभासी संगणकाची स्वतःची आणि दुसरी यजमान संगणकाची. दोन्ही सूच्या चार-चार पायऱ्यांच्या असतात, आणि त्या ठेवलेल्या असतात रॅममध्येच. साध्या संगणकात एका पत्त्यासाठी फार तर चार वेळा सूचीत डोकवावे लागते. आभासी संगणकात मात्र पाहुण्याच्या सूचीची प्रत्येक पायरी खऱ्या रॅममध्ये कोठे आहे, ते आधी यजमानाच्या चार पायऱ्या उतरून शोधावे लागते आणि मग ती वाचावी लागते. असे पाच-पाच करीत चार पायऱ्यांचे वीस झाले, आणि अखेर हाती आलेल्या पत्त्यासाठी पुन्हा चार. म्हणजे चारांचे चोवीस झाले.

प्रत्येक वेळी असे चोवीस हेलपाटे घडत नाहीत, कारण नुकतेच शोधलेले पत्ते प्रोसेसर एका छोट्या टिपणवहीत उतरवून ठेवतो. परंतु विस्तृत मेमरीत इतस्ततः वावरणाऱ्या डेटाबेससारख्या प्रोग्रॅमाला ती वही अपुरी पडते, आणि तेव्हा शोधण्याच्या काळाचे महत्त्व एकदम वाढते. आभासी संगणक चालवणाऱ्याने वेगाच्या आकड्याइतकेच सीएलकडेही लक्ष द्यावे, ते यासाठी. तरीही येथे पहिला उपाय रॅम बदलण्याचा नसून, बिनखर्चाचा आहे. मेमरीची वाटणी सामान्यतः चार किलोबाइटांच्या पानांनी होते. ती दोन मेगाबाइटांच्या मोठ्या पानांनी करण्याची सोय लिनक्समध्ये आहे. मोठे पान घेतले की वहीतील एक नोंद पाचशे बारा लहान पानांचे काम करते, आणि दोन्हीकडे मोठी पाने असली तर सर्वांत लांब शोधही चोवीसांवरून पंधरांवर येतो. सात सेकंदांच्या बचतीसाठी पैसे मोजण्यापूर्वी खेपाच कमी करणे, हे केव्हाही शहाणपणाचे.

दप्तरखाना अपुरा पडला तर

आतापर्यंतचा सारा हिशेब सेकंदांचा होता. आता दिवसाचा प्रसंग पाहू. आभासी संगणकाला नेमून दिलेली मेमरी तो हळूहळू बहुतेक सारी वापरात आणतो, आणि ती सहजासहजी परत देत नाही. तारापूरच्या एखाद्या नियंत्रण-अभियंत्याचा संगणक उदाहरणादाखल घेऊ: यजमान विंडोज आणि ब्राउझर मिळून ८ जीबी, कोड लिहिण्याचे व कंपाइल करण्याचे सॉफ्टवेअर ६, जुन्या नियंत्रकासाठी एक्सपीचा आभासी संगणक २, नव्या नियंत्रकांसाठी विंडोज १० चा आभासी संगणक ८ आणि डेटाबेस व कंटेनर यांसाठी लिनक्सचा आणखी ८. बेरीज बरोबर ३२. म्हणजे ३२ जीबीचा संगणक काठोकाठ भरला, आणि फायलींच्या प्रती तात्पुरत्या रॅममध्ये ठेवून कंपायलरला हातभार लावण्याची जी युक्ती यजमान एरवी करतो, तिच्यासाठी जागाच उरली नाही.

यापुढे एक टॅब अधिक उघडला, की यजमान काही पाने उचलून एसएसडीवर रवाना करतो. यालाच स्वॅप म्हणतात. ज्या क्षणी त्या पानांची पुन्हा गरज लागते, त्या क्षणी ऐंशी सेकंदांची खेप दिवसभराची होते. एका मागणीत हजारपट विलंब असल्यामुळे हजारांत एकाच मागणीला ठाण्याची वाट धरावी लागली, तरी सरासरी प्रतीक्षा जवळजवळ दुप्पट होते, आणि ६००० च्या रॅमने जे मिळविले त्याच्या कितीतरी पट गमावले जाते. सारख्याच मजकुराची पाने एकदाच साठविण्याची केएसएम नावाची योजना लिनक्समध्ये २००९ पासून आहे, आणि एकाच जातीचे अनेक आभासी संगणक चालत असतील तर ती उपयोगीही पडते. परंतु ती तुटीची भरपाई करते, समृद्धी आणत नाही. म्हणून तीन-चार आभासी संगणक चालवणाऱ्याने ६४ जीबी साध्या वेगाची रॅम घ्यावी, ३२ जीबी नामी वेगाची घेऊ नये. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांच्या मागणीने रॅमचे भाव चढल्यावर तर या दोहोंतील निवड अधिकच काटेकोरपणे करणे भाग आहे.

दोन दारे, आणि चार स्टिकांचा मोह

क्षमता ठरली, की ती किती स्टिकांत घ्यावी हा प्रश्न येतो. सर्वसाधारण संगणकांच्या दप्तरखान्याला दारे दोन असतात, म्हणजे वाहिन्या दोन. ६४ जीबीची एकच स्टिक घेतली तर एक दार कायमचे बंद राहते आणि वहनक्षमता निम्मी होते. ५६०० ची रॅम एका वाहिनीवर ४४.८ गीगाबाइट देते आणि ४८०० ची साधी रॅम दोन वाहिन्यांवर ७६.८. वेष्टनावरील आकड्यापेक्षा दुसऱ्या स्टिकचा प्रभाव किती मोठा, ते यावरून दिसेल.

उलट दिशेला दुसरा खड्डा आहे. बहुतेक मदरबोर्डांवर स्लॉट चार असतात, आणि आज दोन स्टिक घेऊ, पुढे पैसे आले की आणखी दोन घालू, असा विचार करणे स्वाभाविक आहे. डीडीआर५ मध्ये मात्र एका वाहिनीवर दोन स्टिक जोडल्या की संकेत स्वच्छ राखणे कठीण होते आणि वेग उतरवावा लागतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी कंपनीने अधिकृतपणे जाहीर केलेला वेग दोन स्टिकांवर ५२०० आणि चार स्टिकांवर केवळ ३६०० आहे, म्हणजे ८३.२ गीगाबाइटांची क्षमता ५७.६ वर येते. ६४ जीबी हवी असेल तर १६ च्या चार घेण्याऐवजी ३२ च्या दोन घ्याव्यात. ९६ जीबीची गरज दिसत असेल तर २०२३ पासून मिळू लागलेल्या ४८ जीबीच्या दोन घ्याव्यात. लॅपटॉपची रॅम बोर्डावर कायमची जडलेली असेल तर पुढे वाढविण्याचा मार्गच नाही, तेव्हा तेथे पहिल्याच दिवशी पुरेशी घेणे क्रमप्राप्त ठरते.

हमीचा वेग आणि हौसेचा वेग

रॅमचे मानक ठरविणाऱ्या जेडेक या संस्थेने डीडीआर५ ची संहिता जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केली, आणि तीत १.१ व्होल्टवर चालण्याचे वेग नेमून दिले. वेष्टनावर ६००० आणि सीएल ३० असे लिहिलेली रॅम त्या मानकाबरहुकूम चालत नाही. ती त्या वेगाने चालावी म्हणून व्होल्ट वाढवून, बहुधा १.३५ च्या आसपास नेऊन, जादा वेगाची एक तयार नोंद तीत साठविलेली असते. इंटेलच्या परिभाषेत तिला एक्सएमपी आणि एएमडीच्या परिभाषेत एक्स्पो म्हणतात. ही नोंद बायोसमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. न केल्यास महाग रॅमही मानकाच्या साध्या वेगानेच चालत राहते. आणि चालू केल्यास तो वेग पेलण्याची हमी प्रोसेसर बनविणारी कंपनी देत नाही.

खेळांसाठी घेतलेल्या संगणकात एखादी चूक झाली तर पडदा गोठतो आणि माणूस पुन्हा सुरू करतो. कारखान्याचा नियंत्रक ज्याच्यावरून प्रोग्रॅम केला जातो, त्या संगणकात एक बिट नकळत उलटणे ही बाब निराळी आहे. एकच कोड कंपाइल करताना प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी चूक दाखविली जात असेल, तर कोडपेक्षा रॅमवर आधी संशय घ्यावा. म्हणून जादा वेगाची नोंद चालू केल्यावर एक संपूर्ण रात्र मेमटेस्टसारखी चाचणी चालवावी, आणि किनारपट्टीच्या मे महिन्यातील उकाड्यात ती पुन्हा एकदा चालवावी. कारण भार गळण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि डिसेंबरात निर्दोष ठरलेली रॅम उन्हाळ्यात घसरू शकते.

गूगलच्या संगणकांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलांत चुका आढळल्या होत्या. डीडीआर५ च्या चिपमध्ये चूक दुरुस्त करण्याची जी अंगभूत सोय असते, ती चिपच्या आतल्याच चुका पाहते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर घडलेली चूक धरण्यासाठी ईसीसी जातीची स्टिक आणि तिला मान्यता देणारा मदरबोर्ड व प्रोसेसर लागतो. ज्याच्या आभासी संगणकांत ग्राहकाच्या कारखान्याच्या प्रोग्रॅमची एकुलती एक प्रत आहे, त्याने जादा वेगाऐवजी या सोयीवर पैसा घालणे अधिक समंजस होय. आणि वीज गेली की रॅमला काहीच आठवत नाही, हेही विसरू नये. ऑक्टोबर १९६९ पासून ज्या तारापुरात देशातील पहिले अणुवीजकेंद्र चालते, त्या तारापुरातही चार आभासी संगणक उघडे असताना वीज खंडित झाली तर चारही जण एकदम सारे विसरतात. म्हणून यूपीएसचा क्रम वेगवान रॅमच्या आधी लागतो.

चौकट : थोडक्यात

• प्रथम क्षमता. कोड आणि एखादा आभासी संगणक यांना ३२ जीबी. तीन-चार आभासी संगणकांना ६४ जीबी.
• मग वाहिन्या. स्टिक दोन घ्याव्यात. एक नको आणि डीडीआर५ मध्ये शक्यतो चार नकोत.
• मग वेग. ५२०० किंवा ५६०० पुरेसा. भावात फरक थोडा असेल आणि बोर्ड मान्य करीत असेल तर ६०००.
• वेगाबरोबर सीएल वाचावा. सीएल गुणिले २०००, भागिले वेग, म्हणजे नॅनोसेकंद; १० ते १२ उत्तम, १६ चालण्याजोगे.
• आभासी संगणकांत डेटाबेस असेल तर मोठी पाने चालू करावीत.
• जादा वेगाची नोंद चालू केल्यास रात्रभर चाचणी घ्यावी. काम जोखमीचे असेल तर ईसीसीचा विचार करावा.

खरेदीपूर्वी एक तपासणी

हे सारे वाचून झाल्यावरही निर्णय दुसऱ्याच्या आकड्यांवर घेऊ नये, कारण आपला संगणक कोठे अडतो हे तो स्वतःच सांगत असतो. नेहमीचे काम ऐन भरात असताना, सर्व आभासी संगणक उघडे ठेवून, विंडोजवर टास्क मॅनेजरमधील मेमरीचे पान पाहावे आणि लिनक्सवर व्हीएमस्टॅट ही आज्ञा चालवावी. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल किंवा स्वॅपचे आकडे सतत हलत असतील, तर दुखणे क्षमतेचे आहे आणि अधिक वेगाच्या रॅमने ते तिळमात्र कमी होणार नाही. मेमरी मोकळी असून प्रोसेसरचे सर्व गाभे पूर्ण भाराने चालत असतील, तर पैसा प्रोसेसरवर घालावा. मेमरी मोकळी, डिस्क निवांत, गाभे वरवर भरलेले आणि तरीही काम रेंगाळते, अशी स्थिती असेल तेव्हाच रॅमचा वेग आणि सीएल यांची चौकशी करावी. आणि ती करतानाही आधी रिकामा स्लॉट, बंद राहिलेली एक्स्पोची नोंद आणि लहान पाने ही फुकटात किंवा अल्प खर्चात निस्तरणारी कारणे तपासून पाहावीत.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानात जाण्यापूर्वी ही तपासणी ज्याने केली, त्याला वेष्टनावरील आकड्याचा मोह पडण्याचे कारण उरत नाही. ४८०० आणि ६००० यांमधील अंतर खरे आहे, परंतु ते सेकंदांचे आहे. ३२ आणि ६४ यांमधील अंतर, ज्याला त्याची गरज आहे त्याच्यासाठी, दिवसांचे आहे. खर्चाचा क्रम या दोन मापांवरून लावावा.